मोठीमायने बुजवलेली फट

नववी संपेपर्यंत वर्गात माझा आवाज हजेरीपुरताच निघायचा. दहावीत काय झालं कोण जाणे, माझा हात आपोआप वर जायला लागला. आमचे विज्ञानाचे कापगते सर एकदा म्हणालेसुद्धा, "गभने, हात खाली घे, पंख्यात अडकेल." मी हात खाली घेतला आणि प्रश्न तसाच विचारला.

त्यामुळे विज्ञान प्रदर्शनासाठी नावं मागितली तेव्हा पहिली चिठ्ठी माझी. शाळेतून एकच मॉडेल तुमसरला, तालुक्याच्या प्रदर्शनात जाणार होतं. माझ्या बाकावरच्या डिंपलने ज्वालामुखी लिहून दिला. आमच्या शाळेतून चार वर्षं ज्वालामुखीच जातोय, दरवर्षी पोरगी नवी आणि डोंगर तोच. मी लिहून दिलं, 'दगडातल्या फटीतून वायू : कोणती फट दाबाला हळवी?'

सरांनी चिठ्ठी उलटून पाहिली, मागे काही खुलासा आहे का म्हणून. "दगड हळवा असते?"

मग मी उभी राहून सगळं सांगितलं. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नव्हतं. शेल नावाचा दगड म्हणजे चिखलाचे थर दाबून दाबून झालेला, वहीच्या पानांसारखा. खूप खोल, त्या पानांमध्ये वायू अडकून बसलेला असतो. तो काढायचा तर दगडात फटी पाडाव्या लागतात, त्या फटींमधूनच तो बोअरपर्यंत येतो. पण गंमत अशी की वायू बाहेर निघतो तसा आतला जोर कमी होतो आणि वरच्या दगडाचं ओझं मात्र तेवढंच राहतं. मग फट मिटायला लागते. काही फटी जराशा दाबाने मिटतात, काही तग धरतात. जराशाने मिटते ती हळवी. म्हणजे आमची डिंपल. तिला 'आज वेणी वाकडी आली' एवढं म्हटलं की मधल्या सुट्टीपर्यंत तोंड बंद.

"अन् तग कोणती धरते?" सरांनी विचारलं.

"खरबरीत, सर. गुळगुळीत फटीचे दोन्ही गाल एकमेकांना चिकटतात. खरबरीत फटीतले उंचवटे एकमेकांना टेकून उभे राहतात, म्हणून मधे जागा उरते."

"उलटं सांगून राहिली तू," सर म्हणाले. "गाडी डांबरी रस्त्यावर पळते का गिट्टीच्या? पाणी नव्या पाइपात पळते का गंजलेल्या? वायूले बी तोच नियम. खरबरीत म्हणजे अडथळा."

वर्ग हसला असता तर चाललं असतं. वर्गाने मान डोलावली.

"सर, फट तेवढीच उघडी राहिली तर तुमचं बरोबर आहे. पण दाबलं की..."

"शनिवारी दाखव. दगडानं तुझं ऐकलं त तुमसरले तू जाशील. नाई त ज्वालामुखी."

डिंपल मला हळूच म्हणाली, "तुले दुसरं काही सुचलं नाई का वो? दगड फुगा फोडल्यावानी फट्कन तरी वाजते का?"

दगडांचं मार्गदर्शन आमच्या घरीच होतं. माझे बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करतात. पाळी सुरू होताना ते लांब सळईने छत ठोकतात आणि कान देतात. खणखण वाजलं तर दगड पक्का, भद्द वाजलं तर तो वरून सुटलेला, त्याच्याखाली उभं राहायचं नाही. ही सवय घरीही आहे. बाजारात टरबूज घेतानाही ते असेच गंभीर चेहऱ्याने कान लावतात.

बावनथडीच्या पात्रातून आम्ही दोन काळे दगड आणले, नारळाएवढे. बाबांनी छिन्नीने दोन्ही मधोमध फोडले. एका दगडाच्या दोन फाका तशाच खरबरीत ठेवल्या. दुसऱ्याच्या फाका मी ओली रेती टाकून फरशीवर घासत बसले, नऊ संध्याकाळी. दगड आरशासारखे झाले. फरशीही झाली, म्हणून आईने मला आणि दगडांना अंगणात काढलं.

बाबांनी एकच गोष्ट बजावली. "खरबरीत फाका जशा फुटल्या तशाच नको बसवू. दातात दात बसते अन् फट राहतच नाई. जराशी सरकव. खाणीत बी जी फट सरकली तीच पाणी गाळते."

मग यंत्र तयार झालं. दोन फाका एकमेकांवर ठेवायच्या, कडेने सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, आणि फटीच्या दोन टोकांना सलाईनच्या दोन नळ्या खुपसायच्या. एका नळीला फुटबॉलचं फुगवलेलं ब्लॅडर, त्यावर दोन विटा, म्हणजे हवा एकसारख्या जोराने येते. दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत. हवा फटीतून गेली तर पाण्यात बुडबुडे. सगळी जोडी सुताराच्या शिकंज्यात धरायची आणि मळसूत्र फिरवून आवळायची. आवळणं म्हणजे डोंगराचं ओझं. मिनिटाला बुडबुडे किती, ते मोजायचं.

घरी तीनदा करून पाहिलं. न आवळता गुळगुळीत फट सत्तर बुडबुडे देत होती, खरबरीत चौसष्ट. म्हणजे सरांचा डांबरी रस्ता इथपर्यंत बरोबर होता. पण शिकंज्याचे चार फेरे आवळले की गुळगुळीत सहावर यायची आणि खरबरीत अठ्ठेचाळीसवर. मी ते आकडे वहीत लाल पेनने लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

शुक्रवारी बपेऱ्याहून मोठीमाय आली. मोठीमाय म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, रुखमा. ती आली की घरातल्या वस्तू आपापल्या जागा सोडतात आणि तिला योग्य वाटेल तिथे जाऊन बसतात. शनिवारी सकाळची शाळा. मी पहाटे उठून चारही फाका धुतल्या, अंगणात लाकडी पाटावर ओळीने वाळायला मांडल्या आणि आंघोळीला गेले.

आंघोळ करून आले तर दगड लाल.

चार फाका नव्हत्याच. पाटावर दोन गोल, लालभडक देव बसलेले होते. समोर उदबत्ती, वर झेंडूचं एकेक फूल. मोठीमाय हाताला लागलेला शेंदूर कडुनिंबाच्या बुंध्याला पुसत होती.

"मोठीमाय, हे काय केलं?"

"काय केलं म्हणजे? देव आणला अन् बोडका ठेवला पाटावर. तुझ्या बापाले, धनराजले, काही समजते का? अन् त्यात एक भंगलेला. भंगलेला देव घरात ठेवत नाईत वो. नीट बसवून देला म्या."

"तो देव नाही, तो प्रयोग आहे."

"असन. पोरीबाळी आता नवी नवी नावं काढतात."

"मला शाळेत न्यायचाय तो."

"ने ना. शाळेत बी देव पाहिजेच. पण पुसजो नको. शेंदूर लावलेला दगड पुसला त घराले बरं नसते."

बाहेर भैयालाल काका ऑटोचा हॉर्न मारून राहिले होते. बाबा पाळीवर, आई शेतावर. वाद घालायला वेळ नव्हता. शेंदूर वरून होता, फट आत. बाहेरच्या रंगाने आतल्या फटीला काय होणार, असा मी विचार केला. विचार चांगला होता, पण त्याआधी उघडून पाहायला पाहिजे होतं. मी दोन्ही जोड्या तशाच उचलल्या, ऑटोत बसल्या बसल्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, नळ्या खुपसल्या. माझा गणवेश हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखा दिसायला लागला.

प्रयोगशाळेत टेबलाभोवती अख्खी दहावी उभी होती. डिंपलचा ज्वालामुखी आधी झाला. छान फसफसला, टाळ्या पडल्या. मग मी माझे शेंदरी दगड टेबलावर ठेवले आणि मागून कोणीतरी हात जोडले.

"हे काय, गभने?" सरांनी विचारलं.

"वरचा रंग आहे सर, आत शास्त्र आहे."

बुडबुडे मोजायला सरांनी मुद्दाम डिंपलला बसवलं, म्हणजे माझ्या बाजूने कोणी मोजणार नाही.

खरबरीत जोडी पहिली. मी विटा ठेवल्या आणि नळीला लावलेला चिमटा सोडला. बाटलीतलं पाणी शांत. मी नळी हलवली, ब्लॅडर दाबलं. पाणी शांतच.

"शून्य," डिंपल म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता असं मी म्हणत नाही. पण दुःखही नव्हतं.

"अजून आवळलंच नाही," मी म्हणाले.

"तेच त सांगतो," सर म्हणाले. "न आवळताच अडथळा. दुसरी लाव."

गुळगुळीत जोडी लावली. चिमटा सोडल्याबरोबर बाटलीत नुसता गदारोळ. डिंपलला मोजता येईना, तिने बोटांवर दहा-दहा धरले. एकशे वीस. दोन फेरे आवळले, एकशे दहा. चार फेरे, शंभराच्या वर. घरी इथे सहा यायचे. सहावा फेरा, तरी नव्वद. सातव्या फेऱ्याला शिकंज्यातून बारीकसा 'कट्' आवाज आला, लगेच आणखी एक, आणि बुडबुडे एकदम अकरावर आले.

सर हसत होते, पण वाईट हसत नव्हते. खरं सांगायचं तर ते खूश झाले होते. "मॉडेल झकास आहे, गभने. बुडबुडे दिसतात, आकडे येतात. ज्वालामुखीपेक्षा शंभर पट चांगलं. राग नको येऊ देऊ, डिंपल. फक्त निष्कर्ष बदल. खरबरीतच्या जागी गुळगुळीत लिही, गुळगुळीतच्या जागी खरबरीत. दोन शब्दाचा फरक. मी आत्ताच फॉर्मवर तुझं नाव टाकतो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

आता खरं सांगते, मला तुमसर दिसायला लागलं. टेबलावर पांढरा कागद अंथरलेला, माझ्या छातीला नावाचा बिल्ला, आणि अनोळखी शाळांची पोरं विचारतायत, ताई हे काय आहे. दोनच शब्द बदलायचे होते. आणि खोटंही म्हणता आलं नसतं, कारण आकडे सगळ्यांनी पाहिले होते. माझ्या बाजूला होती फक्त घरची वही आणि तिच्यातल्या दोन लाल रेघा.

पण तो 'कट्' मला सोडेना. सात फेऱ्यांनी नदीतला काळा दगड तडकत नाही. तडकलाच तर असा चिमुकला वाजत नाही. बाबांच्या घरात राहून एवढं तर कळतंच. दगडात दगड नसलेलं काहीतरी वाजलं होतं.

"सर, फॉर्म थांबवा. मला उघडून पाहू द्या."

"उघडलं त प्रयोग मोडला. मंग मी ज्वालामुखीचं नाव लिहीन, घंटा व्हायला वीस मिनिटं राहिलीत."

"चालेल," मी म्हणाले. म्हणजे तोंड म्हणालं. मनाला काही ते चाललं नव्हतं.

शिकंजा सोडला, पट्टी काढली, वरची फाक उचलली. आरशासारख्या काळ्या दगडावर पाच-सहा ठिकाणी पांढरा चुरा होता. सगळे वाकून पाहायला लागले. मी एक कण बोटावर घेतला.

"तांदूळ," डिंपल म्हणाली.

तांदूळच होता. मोठीमायने देवावर देव कोरडा कसा बसवायचा म्हणून मधे तांदळाचं आसन दिलं होतं. कलशाखाली देतात तसं. त्या दाण्यांवर वरची फाक टेकून उभी होती, म्हणून तेवढी मोठी फट, म्हणून तेवढे बुडबुडे. सातव्या फेऱ्याला दाण्यांची कणी झाली आणि फट मिटली.

मग मी खरबरीत जोडीची पट्टी काढली. तिच्या फाका वेगळ्याच होईनात. मोठीमायने त्या दातात दात घालून अगदी जशा फुटल्या तशा जुळवल्या होत्या, आणि मधल्या एकूणएक खड्ड्यात तेलात कालवलेला शेंदूर भरला होता. भंगलेला देव तिने दुरुस्त केला होता. काठावर एवढीशी फट दिसत होती, तीही तिने बोटाने लिंपली होती. गवंड्यालाही इतकं जमलं नसतं.

सरांनी त्या काठावर बोट फिरवलं. बोट लाल झालं. ते रुमालाला पुसायला निघाले, थांबले, देवाचा शेंदूर रुमालाला कसा पुसायचा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी कपाळाला लावला.

"रॉकेलने निघेल सर," मी म्हणाले.

"शेंदूर लावलेल्या दगडावर रॉकेल? मी नाई सांगणार बापा तुले ते."

वर्गातही कोणी पुढे आलं नाही. ठीक आहे. पण गुळगुळीत फाकांना आतून शेंदूर नव्हता, नुसती कणी होती. ती मी झटकली, फाका कोरड्या पुसल्या, पट्टी गुंडाळली, आणि सरांना म्हणाले, "आता आवळा तुम्हीच."

न आवळता अडुसष्ट. दोन फेरे, सव्वीस. चार फेरे, सात. डिंपलने सात हा आकडा दोनदा म्हटला, कारण सरांनी पहिल्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"सैल करून परत मोज," सर म्हणाले. त्यांनी सैल केलं. फट पूर्ववत व्हायला हवी होती, पण बुडबुडे पन्नासच आले. एकदा दबलेली फट पूर्ण मोकळी होत नाही, हे घरीही दिसलं होतं. सर स्वतःच बाटलीकडे पाहत म्हणाले, "रुसल्यावानी करते ही."

"आता यात तांदूळ टाकू?"

डिंपल खिचडीच्या खोलीत पळाली आणि मूठभर तांदूळ घेऊन आली. चार दाण्यांना मूठभर. तिला मी म्हटलं, "पुलाव करतेस का?" तर म्हणाली, "आधी मोज, मंग बोल." चार दाणे चार कोपऱ्यांत ठेवले. चार फेऱ्यांना एकशे दोन. तोच दगड, तेच गुळगुळीत गाल, तेवढाच दाब.

आणि तेव्हा मला त्या व्हिडिओचा शेवटचा भाग आठवला, जो मी चहा उकळत होता म्हणून अर्धवट पाहिला होता. वायूच्या विहिरीत पाण्याबरोबर रेती पाठवतात. पाणी फट उघडतं, रेतीचे कण आत जाऊन अडकतात आणि टेकूसारखे उभे राहतात. फट गुळगुळीत असली तरी मिटू देत नाहीत. खरबरीत फटीला निसर्गाने आपलेच टेकू दिलेले असतात, गुळगुळीतला बाहेरून द्यावे लागतात. टेकू कच्चा असेल तर कणी होते आणि सगळं बसतं. हे मी एका दमात बोलून टाकलं. म्हणजे मोठमोठे लोक शेकडो कोस खोल यंत्रं लावून जे करतात ते मोठीमायने उदबत्ती लावून केलं होतं.

"शेकडो कोस नाई," सर म्हणाले. "एखादा कोस. अति करू नको." पण ते बोलताना त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते शिकंज्याला डोळा लावून बसले होते. "आठ दाणे टाकले त? ओझं वाटून जाईल. कणी उशिरा होईल का?"

"टाकून पाहू सर."

आठ दाण्यांनी नवव्या फेऱ्यापर्यंत तग धरला. सर उभे राहिले, परत बसले, म्हणाले, "मंग बारा?" तेवढ्यात घंटा झाली आणि कोणी हललं नाही. आमच्या शाळेत शनिवारच्या घंटेला कोणी हललं नाही, हे मी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

सरांनी फॉर्म ओढला. माझं नाव लिहिलं. दुसरं नाव लिहायची जागा होती, तिथे त्यांनी डिंपलचं लिहिलं. "मोजणी हिची पक्की आहे," ते म्हणाले. डिंपलने तिच्या ज्वालामुखीवर रुमाल टाकला, पण हसत होती.

"आता निष्कर्ष," सर म्हणाले. पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं. "सांग."

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. गुळगुळीत फट दाबाला हळवी. एकदा मिटली की पूर्ण उघडत नाही. टेकू दिला तर तग धरते. टेकू मोडला तर मिटते.

"अन् खरबरीत?"

"घरी तीनदा पाहिलंय सर, ती तग धरते."

"मी नाई पाहिलं. मी न पाहिलेलं माझ्या अक्षरात नाई लिहिणार."

मला राग आला पाहिजे होता. पण मीही सकाळी न पाहताच पट्टी गुंडाळून मोकळी झाले होते. "मग लिहा, निकाल बाकी."

"कारण?"

"नमुना देव झाला."

सरांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'नमुना दुरुस्त झाल्यामुळे निकाल बाकी.' मग म्हणाले, "प्रदर्शन सोमवारी आहे. उद्या बाबाले सांग, नवा दगड फोडून दे म्हणावं. जराशी सरकवून बसवजो, अन् माझ्यासमोर, मी उद्या शाळेत येतो. पण फोडल्यावर घरी ठेवू नको. ती तुझी मोठीमाय जाणार आहे का बपेऱ्याले?"

"मंगळवारी."

"मंग घरी ठेवायचं राहू दे."

"तुमच्याकडे आणून ठेवू का सर? तुमच्या घरी रात्रभर राहील."

सरांनी कपाळाला हात लावला, बोटाकडे पाहिलं, आणि चावी काढून प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. "इथं ठेव. कुलूप आहे," ते म्हणाले. "माझ्या घरी माझी आई आहे."